टॉवेल डाइंगच्या सांडपाण्यावरील आरओ मेम्ब्रेन वारंवार चोक होतात : मदत हवी आहे

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील एका टॉवेल प्रोसेसिंग युनिटमध्ये मी ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र) आणि आरओचे काम पाहतो. डाइंगचे सांडपाणी जैविक प्रक्रियेनंतर यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे आरओआधीची बारीक गाळणी) आणि आरओमधून नेऊन आम्ही पुन्हा धुलाईला वापरतो. उन्हाळ्यात टँकरवर विसंबायचे नसेल तर दुसरा मार्गही नाही.

अडचण अशी, की आरओच्या पहिल्या स्टेजचा प्रेशर ड्रॉप (आत जाताना आणि बाहेर पडतानाच्या दाबातील फरक) सीआयपीनंतर, म्हणजे मेम्ब्रेन जागेवरच रसायनांनी धुतल्यावर, उतरतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा चढतो, शेवटच्या स्टेजला मात्र फारसा फरक दिसत नाही. क्षार बसत असते तर सुरुवात शेवटच्या स्टेजपासून झाली असती, कारण पाण्यातील क्षारांचे प्रमाण तिथे सर्वांत जास्त असते. त्यामुळे अँटिस्केलंट (क्षार बसू न देणारे रसायन) वाढवण्याचा पुरवठादाराचा सल्ला मला पटलेला नाही. (त्यांच्याकडे प्रत्येक दुखण्यावर हाच काढा असतो.) फीडचा, म्हणजे आरओत जाणाऱ्या पाण्याचा, एसडीआय (बारीक कणांनी मेम्ब्रेन चोक होण्याची शक्यता दाखवणारा निर्देशांक) ५ च्या मर्यादेत आहे. तापमान एका अंशाने बदलले तरी फ्लो साधारण ३ टक्क्यांनी बदलतो, म्हणून तुलना नेहमी तापमानाची दुरुस्ती करूनच करतो.

आरओच्या आधीचा कार्ट्रिज फिल्टर उघडला की कँडलवर पांढुरका, मेणचट थर दिसतो. तो बोटाला चिकटतो, साध्या पाण्याने जात नाही आणि जैविक थराला येतो तसा कुबट वासही त्याला नाही. माझा संशय फिनिशिंगच्या बाथवर आहे. टॉवेलला मऊपणा यावा म्हणून तिथे कॅटायनिक (धनभारित) आणि सिलिकॉन सॉफ्टनर वापरतात, आणि पॉलिअमाइड मेम्ब्रेनचा पृष्ठभाग ऋणभारित असल्यामुळे कॅटायनिक द्रव्य त्याला घट्ट धरून बसते. अर्थात ईटीपीत गाळ बसवण्यासाठी घातलेले कॅटायनिक पॉली (पॉलिमर) जास्त झाले तरी असेच घडते, आणि इक्वलायझेशन टाकीत सगळेच एकत्र येत असल्याने दोष नेमका कोणाचा हे वेगळे काढता येत नाही.

सॉफ्टनर बाथचा ड्रेन वेगळा करून त्यावर स्वतंत्र प्रक्रिया करण्याचा अनुभव कोणाला आहे का, आणि त्याने दोन सीआयपींमधले अंतर खरोखर वाढले का? आम्ही आधी अल्कलाइन आणि मग ॲसिड असा क्रम ठेवतो, कारण उलट क्रमाने सेंद्रिय थर आणखी घट्ट बसण्याचा धोका असतो. अल्कलाइन द्रावणात सोडियम लॉरिल सल्फेट घालावे असे सुचवले गेले आहे, पण ते अॅनायनिक (ऋणभारित) द्रव्य आणि कॅटायनिक सॉफ्टनर यांचा मेम्ब्रेनवरच साका होईल अशी मला भीती वाटते. तिथे नॉन-आयनिक (विद्युतभार नसलेला) क्लीनर कोणी वापरला असल्यास त्याचा पीएच, तापमान आणि भिजवण्याचा वेळ कृपया कळवावा.