पाळणाघर सुरू होण्याआधी फ्लूची लस: टोचावी का?

दुपटं
लेक १४ महिन्यांची. १५ जूनपासून पाळणाघरात ठेवायची आहे. परवा वजन करायला नेली तर डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याआधी फ्लूची लस देऊन टाका. पहिलंच वर्ष म्हणून चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दरवर्षी एक. एका डोसचे दोन हजारांच्या आतबाहेर. पैशांचं एक वेळ जमवू, पण सरकारी लसीकरणाच्या कार्डावर ही लस नाहीच. सासूबाई म्हणतात, "कार्डावर नाही ती कशाला टोचायची? पडशाला कुठे लस असते का?" नवरा दोघींकडे बघून मान हलवतो. माझं मन लस देण्याकडे होतं, पण रात्री मोबाइलवर 'लसीमुळे मुलांना झटके' असं काहीतरी वाचलं आणि झोप उडाली. अनुभवी लोकांनो, बोला.

खलबत्ता
सासूबाईंचं काय चुकलं गं? पाळणाघरात गेलं की पहिलं वर्ष नाक वाहायचंच. माझ्या दोन्ही मुलांचं वाहिलं, नातवाचं अजून वाहतंय. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकावं, वेळ जाऊ द्यावा. दरवर्षी सुई कशाला?

स्टीलचा_डबा
काकू, वाहणारं नाक या लसीने थांबणार नाही, हे शंभर टक्के खरं. पडसं आणणारे विषाणू ढीगभर आहेत, ही लस त्यातल्या एकाच घराण्यासाठी. पण ते घराणं वाईट आहे. २००९ चा ऑगस्ट ज्याने पुण्यात काढला तो फ्लूला पडसं म्हणणार नाही. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू इथला, तोही एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीच्या रांगा, मास्क संपले म्हणून लोक रुमाल बांधून फिरत होते. तो स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, कुठे गेला नाही, आता साध्या हंगामी फ्लूत मिसळलाय. पाच वर्षांखालच्या मुलांना, त्यातही दोन वर्षांखालच्यांना, न्यूमोनिया होऊन दाखल करायची वेळ फ्लूमुळेही येते. म्हणून आयएपी, म्हणजे बालरोगतज्ज्ञांची देशपातळीवरची संघटना, ६ महिने ते ५ वर्षं सगळ्यांना दरवर्षी द्या म्हणते.

तिरफळ
आयएपी द्या म्हणते आणि सरकार देत नाही. लस टोचली जाते ती आयएपीच्या सदस्यांच्या दवाखान्यात. मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नाही, पण एवढं ध्यानात असू द्या.
झटक्यांचं म्हणाल तर ताईंनी वाचलं ते खोटं नाही. २०१० साली ऑस्ट्रेलियात फ्लूची लस दिल्यावर काही तासांत लहान मुलं तापाने फणफणली, झटके आले. एप्रिलमध्ये सरकारने पाच वर्षांखालच्यांचं फ्लू लसीकरण देशभर थांबवलं. हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड नाही, सरकारी नोंद आहे. आणि इतकं करून लस त्या वर्षीच्या विषाणूशी जमली तर ४० ते ६० टक्के उपयोग, नाही जमली तर त्याहून कमी. निरोगी पोराला दरवर्षी हे करायचं, तर विचारायला नको?

स्टीलचा_डबा
विचारा की. पण निम्मीच गोष्ट सांगू नका. ती भानगड एकाच कंपनीच्या लसीची होती.

कोयरी
तिरफळ, मी पर्थला राहते. ते प्रकरण सुरू झालं ते आमच्याच राज्यात, तर उरलेली निम्मी मी सांगते.
लस सीएसएल कंपनीची, नाव फ्लूव्हॅक्स. विषाणू फोडून लस बनवतात, त्या फोडण्याच्या प्रक्रियेत त्या वर्षीच्या नव्या स्ट्रेनचे, म्हणजे विषाणूच्या नव्या वाणाचे, काही अवशेष जास्त राहिले आणि लहान मुलांचं शरीर त्यावर तापलं, असं पुढे तपासात निघालं. दुसऱ्या कंपन्यांच्या लसींत हे दिसलं नाही. म्हणून काही महिन्यांत त्यांच्या लसी पुन्हा सुरू झाल्या आणि फ्लूव्हॅक्स पाच वर्षांखालच्यांना बंद झाली ती झालीच.
माझा मुलगा २०१६ चा. त्याला लस दिली, तीन दिवसांनी फोनवर मेसेज: मुलाला काही त्रास झाला का, हो की नाही कळवा. २०१० नंतर इथे ही पद्धत बसवली आहे. मी 'हो' कळवलं, कारण रात्री अंग कोमट होतं आणि मांडीवर सुईच्या जागी रुपयाएवढा लाल चट्टा होता. लगेच पुढचा प्रश्न आला, डॉक्टरकडे न्यावं लागलं का? नाही म्हटलं. बस, एवढंच. पण अशी हजारो उत्तरं जमतात, म्हणून एखादी लस बिघडली तर आठवड्यात कळतं.
अजून एक. तापातले झटके सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना कधी ना कधी येतातच, लस असो नसो. खुद्द फ्लूच्या तापातही येतात. बघणाऱ्याचं काळीज थांबतं हे खरं, पण बहुतेक पोरांना त्याचं पुढे काही राहत नाही.

तिरफळ
कोयरीताई, तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. तुमच्याकडे मेसेज येतो. आमच्याकडे काय येतं?
माझ्या पुतण्याचं सांगतो. लस दिली त्या रात्री १०३ ताप. सकाळी दवाखान्यात फोन केला तर, "होतं असं, पॅरासिटॅमॉल द्या." ताप उतरला, पोरगा ठणठणीत. माझी तक्रार तापाची नाही. मी कार्ड बघितलं तर तारीख आणि एक टिक. कंपनी कुठली, बॅच कुठली, काही नाही. खोकं केराच्या टोपलीत. उद्या त्याच बॅचमध्ये खोट निघाली तर आमचा पोरगा कुठल्या यादीत?

स्टीलचा_डबा
हा मुद्दा बिनशर्त मान्य. पण तो लस घेऊ नका याचा नाही, नोंद ठेवा याचा आहे. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनची १८००-१८०-३०२४ ही टोल फ्री लाइन आहे. औषध असो की लस, त्रास झाला तर पालकही स्वतः कळवू शकतात. दवाखान्यातून कुणी हे सांगत नाही, ते वेगळं.

तिरफळ
नंबर आहे, माहीत कुणाला नाही. म्हणजे असून नसल्यासारखाच.

खलबत्ता
ही लस अंड्यात वाढवतात ना? नातवाला अंड्याने गांधी उठतात. त्याचं काय?

कोयरी
काकू, पूर्वी त्यासाठी लस टाळायचे. आता अंड्याची अ‍ॅलर्जी असली तरी देतात, लसीत अंड्याचा अंश नगण्य असतो. डॉक्टरांना आधी सांगायचं आणि टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. द्यायची नाही ती फ्लूच्याच लसीची आधी जबर रिअ‍ॅक्शन आलेल्या मुलाला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला. तेवढ्या तान्ह्यासाठी आईने गरोदरपणात घ्यायची.

स्टीलचा_डबा
दुपटं, तुमच्यासाठी कामाचं सांगतो. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात, आणि लस अंगी लागायला दोनेक आठवडे जातात. १५ जूनला पाळणाघर, तर पहिला डोस मेच्या सुरुवातीलाच हवा. नाहीतर दुसरा डोस पावसातच येईल. जुना साठा घेऊ नका. दक्षिण गोलार्धासाठी ठरलेल्या स्ट्रेनची त्या वर्षीची लस आली का विचारा, खोक्यावर वर्ष छापलेलं असतं. त्या दिवशी अंगात चांगला ताप असेल तर पुढे ढकला, नुसतं नाक वाहत असेल तर ढकलायची गरज नाही. नंतर ताप आला तर पॅरासिटॅमॉल, वजनाच्या हिशोबाने. अ‍ॅस्पिरिन लहान मुलांना कधीच नाही. झटका आला, श्वास जोरात चालला किंवा मूल पिईना, तर इथे विचारत बसू नका, उचला आणि दवाखान्यात जा.

दुपटं
सगळ्यांचे आभार. काल पहिला डोस झाला. तिरफळदादांचं वाचून खोकं मागितलं. सिस्टर जरा बघतच राहिल्या, पण दिलं. वर्ष बघितलं, फोटो काढला. सासूबाई नको नको म्हणत बरोबर आल्या आणि अर्धा तास झाल्याशिवाय कुणाला उठू दिलं नाही, डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले तरी. रात्री ९९.८ होता, आज लेकीने वरणभात चाटूनपुसून खाल्ला.

खलबत्ता
सासूबाई भल्या आहेत हो. शेकायची पुरचुंडी राहू दे पण हाताशी.

तिरफळ
बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही, हे नोंदवून ठेवतो. फोटो फोनमध्ये राहतो आणि फोन बदलतो. बॅच नंबर कार्डावर लिहून घेतलात का?

दुपटं
नाही. पुढच्या डोसला घेते.