मदत हवी आहे: डाकोटाचं आर-१८३० इंजिन, १/४८ स्केल. रंग, प्लगच्या तारा आणि न बसणारं काउलिंग

रंकाळा४८
मंडळी, १/४८ चं डाकोटा चालू आहे. ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला सैन्य उतरवणारं विमान करायचंय, म्हणजे रोज राबणारं, तेलकट. काउलिंगच्या (इंजिनावरच्या गोल आवरणाच्या) तोंडातून इंजिन बऱ्यापैकी दिसतं, म्हणून प्रॅट अँड व्हिटनी आर-१८३० कडे जरा जास्त लक्ष द्यायचंय. चार ठिकाणी अडलंय.

सिलिंडरवर काळ्या अॅक्रिलिकवर ब्रशने चंदेरी अॅक्रिलिक दिलं, तर खालचा काळा विरघळून वर आला आणि फिन्स (सिलिंडरवरच्या बारीक पात्या) बुजल्या. स्पार्क प्लगच्या तारांसाठी ०.३ मिमीची तांब्याची तार लावून पाहिली, ती नळीसारखी जाड दिसते. सुपरग्लूच्या आसपास पांढरी बुरशी आल्यासारखं होतं. आणि एका इंजिनाला सात तारा लावल्यावर काउलिंगच जात नाही. किटमध्ये इग्निशनची रिंग (जिच्यातून प्लगच्या तारा निघतात ती) वेगळी दिली आहे. एअरब्रश आहे. सामान शक्यतो कोल्हापुरातच मिळणारं सांगा.

फाउंड्रीकर
आधी रंग. अल्कोहोलवर चालणाऱ्या अॅक्रिलिकवर त्याच जातीचा रंग ब्रशने फिरवला की खालचा उठणारच, त्यात कंपनीचा दोष नाही. खालचा थर आणि वरचा थर वेगवेगळ्या सॉल्व्हंटचे हवेत. तळाला लॅकर काळा, एअरब्रशने, दोन अगदी पातळ हात. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे कॅन नको, त्याचा थर जाड बसतो आणि फिन्समधल्या खाचा तिथेच संपतात.

काळा पूर्ण वाळला की इनॅमल अॅल्युमिनियमने ड्रायब्रश, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने. चपटा, आखूड केसांचा ब्रश घ्या, रंग टिश्यूवर इतका पुसा की अंगठ्याच्या नखावर जेमतेम खूण उठेल. ब्रश फिन्सना आडवा फिरवायचा. फिन्सच्या दिशेने फिरवला की केस खाचेत शिरतात आणि काळी रेघ मरते. स्टेशनरीत मिळणारी चंदेरी वापरू नका, तिचे कण मोठे असतात, या स्केलला चमकी टाकल्यासारखी दिसते.

सगळं इंजिन एकाच चंदेरीत करू नका, खेळण्यासारखं दिसण्याचं अर्धं कारण तेच असतं. सिलिंडरचं हेड अॅल्युमिनियमचं, ते फिकट. खालचं बॅरल पोलादी, तिथे गनमेटलवर अगदी हलका ड्रायब्रश. पुढचं क्रँककेस (सिलिंडर ज्यावर बसतात ते मधलं कवच) राखाडी, किंचित निळसर. टामियाचा एक्सएफ-५३ घेऊन त्यात निळ्याचा थेंब टाकला तरी भागतं. पुशरॉडच्या (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) नळ्या काळ्या. आर-१८३० ला सात-सात सिलिंडरच्या दोन रांगा आहेत. पुढच्या रांगेच्या पुशरॉड पुढे, मागच्या रांगेच्या मागे. त्यामुळे पुढून दिसतात त्या फक्त १४. किटमधल्या ओबडधोबड असतील तर छाटून ०.५ मिमीचा प्लास्टिक रॉड लावा.

मग ग्लॉस क्लिअर, आणि तो वाळल्यावरच वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ रंग. काळा आणि बर्न्ट अंबर तेलरंग मिळून एक भाग, इनॅमल थिनर आठ-दहा भाग. अर्ध्या तासाने जवळजवळ कोरड्या कॉटन बडने आडवं पुसा. ग्लॉस सगळीकडून झाकलेला हवा. उघड्या प्लास्टिकवर थिनर साचला की ताण असलेल्या जोडावर चीर जाते. शेवटी मॅट क्लिअर (बिनचमकीचा थर). तेलाचे ओघळ मॅटनंतर, खालच्या दोन-तीन सिलिंडरवर थोडेसे चकाकते ठेवा, तेल खालीच उतरतं.

संदर्भाचा एक मुद्दा. २०१८ मध्ये हवाई दलाला मिळालेल्या परशुराम, व्हीपी ९०५, या डाकोटा विमानाचे फोटो रचनेसाठी बघा, रंगासाठी नको. ते डागडुजी करून नटवलेलं विमान आहे. १९४७ चं त्याहून बरंच मळकं.

तारवाला
०.३ जाडच दिसणार. खरी शील्ड असलेली तार सेंटिमीटरभर जाड धरली तर १/४८ ला ०.२ मिमी होते, म्हणजे ३६ गेज. उद्यमनगरात कुठल्याही मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ३६ गेजची तार मिळते, पण ती इनॅमलची असते, तांबूस दिसते, रंगवावी लागते. त्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग विकणाऱ्याकडून १४/३६ ची टिन केलेली हूक-अप वायर घ्या. आत ३६ गेजच्या बरोबर १४ तारा, आधीच रुपेरी. रंगवायची भानगडच नाही.

आणि १४ च लागतात. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एकूण २८, पैकी पुढच्या तोंडाचे १४. सात पुढच्या रांगेचे, सात मागच्या रांगेचे, जे फटींतून डोकावतात. मागच्या बाजूचे १४ काउलिंगखाली गेल्यावर कुणाच्या बापाला दिसत नाहीत, त्यांच्यावर रात्री घालवू नका.

वायर सोलल्यावर तारा पिळलेल्या निघतात. एक टोक पकडीत धरून दुसरं प्लायरने ओढा, तार किंचित ताणल्याचं हाताला जाणवलं की थांबा. सरळही होते आणि जरा ताठही. मग काचेवर ठेवून पोलादी पट्टीखाली लाटा.

रिंगला भोकं ०.३ मिमीची. पिन व्हाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) आणि बिट गुजरीत सोनारी हत्यारं विकणाऱ्यांकडे विचारा. आधी सुईने टोचा, नाहीतर बिट घसरतं. बिट तुटतं ते जोराने नव्हे, हात तिरका झाल्याने, म्हणून पिन व्हाइस तर्जनीने वरून टेकवून फक्त बोटांत फिरवा. अंतरासाठी कागदावर १४ भागांचं वर्तुळ काढून रिंग त्यावर ठेवा. रिंगचा व्यास ११ मिमी असेल तर भोकं अडीच मिमीवर येतात. रिंगमध्ये आरपार नको, अर्धा मिमी खोल पुरे.

काउलिंग अडण्याचं कारण बहुतेक प्लगची जागा. पुढचा प्लग दोन रॉकर बॉक्सच्या (हेडवरच्या व्हॉल्व्हच्या डब्यांच्या) मधल्या खोलगट भागात असतो. तुम्ही हेडच्या टोकावर भोक पाडलं असेल तर तार बाहेर फुगते. अस्सल इंजिनाचा व्यास ४८ इंच, म्हणजे १/४८ ला साधारण २५.४ मिमी. कॅलिपरने मोजा. जास्त भरत असेल तर रॉकर बॉक्सची डोकी घासा, काउलिंगची आतली बाजूही खरवडता येते. दर तीन तारांनंतर काउलिंग चढवून बघा, चौदाही लावून मग नव्हे.

पावसाळी_रंगारी
पांढरी बुरशी म्हणजे सुपरग्लूची वाफ. ती आजूबाजूला बसते आणि हवेतल्या ओलाव्याने तिथेच घट्ट होते. बंद डब्यात, पंख्याविना काम केलं की वाढते. तारांना सुपरग्लू नकोच. भोकात पांढऱ्या फेविकॉलचा टाचणीभर थेंब, वर तार. फेविकॉल दहा मिनिटं हलवू देतो, सुपरग्लू एक क्षणही नाही. आधीच पांढरं झालेलं असेल तिथे ग्लॉस क्लिअरचा ब्रश फिरवा, बहुतेकदा पुसून टाकल्यासारखं नाहीसं होतं. मग मॅट. डिबाँडरच्या (सुपरग्लू सोडवणाऱ्या द्रवाच्या) नादी लागू नका, रंगही जातो.

आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात लॅकर मारताना पावसाची सर चालू असेल तर थांबा. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतलं पाणी धरतं, काळा रंग दुधाळ होतो. रिटार्डर (रंग हळू वाळवणारा द्रव) मिसळा, कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप लावा. दुधाळ झालंच तर वरून नुसत्या थिनरचा धुक्याएवढा हलका हात, बरंचसं सुटतं.

रंकाळा४८
सगळ्यांचे आभार. प्लगची जागा खरंच टोकावर आहे, तीच अडचण. दोन प्रश्न राहिले. तारा वॉशच्या आधी की नंतर? आणि प्लगचं टोक जाड कसं दाखवायचं?

तारवाला
नंतर. मॅट झाल्यावर अगदी शेवटी. आधी लावल्या तर वॉश तारांच्या मुळाशी साचतो आणि पुसताना बडच्या धाग्यात तार अडकून निघते. आधी मागच्या रांगेच्या सात, मग पुढच्या सात, उलट केलं तर चिमटा आत जात नाही. तार दोन-तीन मिमी जास्त ठेवा, वाक चिमट्याने नव्हे तर टाचणीच्या दांड्यावर घ्या म्हणजे कोपरा मोडत नाही, मग कापा.

टोकासाठी त्याच वायरचं वरचं प्लास्टिक जाड पडतं. तार भोकात पक्की झाल्यावर मुळाशी घट्ट फेविकॉलचा बारीक थेंब, वाळल्यावर आणखी एक, वर अॅल्युमिनियम. लांबून प्लगवरचा अॅडॉप्टरच (तारेचं जाड टोक) वाटतो.

फाउंड्रीकर
तारांना शेवटी अगदी पातळ काळसर वॉशचा एक थेंब मात्र चालतो, फक्त रिंगच्या मुळाशी. टिन केलेली तार नवी असताना फार चकचकीत असते, मळलेल्या इंजिनावर उठून दिसते.

पावसाळी_रंगारी
हेच कुणी १/७२ ला करणार असेल तर १४/३८ वायर घ्या, आतली तार ०.१५ मिमी. त्या स्केलला मी पुढच्या रांगेच्या सातच लावा म्हणेन, काउलिंगच्या तोंडातून त्याहून जास्त काही कळत नाही.