पाच वर्षं काढली, पण बटण लागत नाही

कॅन्सरबद्दल 'पाच वर्षं काढली की सुटलो' असं लोक म्हणतात, त्यात थोडी भर. ही पाच वर्षं निदानाच्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे गाठ नुसती लवकर सापडली, तरी आयुष्य एक दिवसही न वाढता पाच वर्षं जगणाऱ्यांचा आकडा फुगू शकतो. अर्थात सगळाच आकड्यांचा खेळ नाही. २००१ मध्ये इमॅटिनिब हे औषध बाजारात आलं आणि क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर बहुतेकांच्या बाबतीत रोजच्या गोळीवर आटोक्यात राहू लागला. ती माणसं नोकऱ्या करतात, रीतसर निवृत्तही होतात.

कामाचं दुखणं मात्र वेगळंच. माझा एक सहकारी केमो संपवून परतला. केस आले, वजन भरलं, सगळे म्हणाले, "आता ठणठणीत!" पण ऑक्सालिप्लॅटिन या केमोच्या औषधाने बोटं इतकी बधिर झालेली, की शर्टाचं बटण लावताना खाली बघावं लागायचं. टायपिंगचं तर विचारूच नका. हा बधिरपणा औषध थांबल्यावरही काही महिने वाढू शकतो, हे साहेबांच्या गावीही नव्हतं. "केमो संपली ना?" एवढाच त्यांचा प्रश्न. शेवटी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अर्धा दिवस मिळाला, तेव्हा कुठे तो टिकला.