बाकीचे काय नुसते सह्याजीराव?

खडूफळा:
काल इथे एकाने लिहिलं की अमेरिका चार माणसांनी उभी केली, वॉशिंग्टन, जेफरसन, फ्रँकलिन आणि हॅमिल्टन, बाकीचे सगळे सह्याजीराव. वाचल्यापासून डोकं तडकलंय, म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर लांबलं.

१७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरची ती सही काय हजेरीपटावरची होती? राजद्रोह होता तो, सापडले असते तर फास. डेलावेअरचा सीझर रॉडनी बघा. चेहऱ्यावर कॅन्सर, वर दमा, आणि हा माणूस १ जुलैच्या रात्री वादळात ७०-८० मैल कापत फिलाडेल्फियाला निघाला, कारण त्याच्या राज्याची दोन मतं एकमेकांविरुद्ध अडकली होती. २ जुलैला त्याने मत दिलं म्हणून डेलावेअर स्वातंत्र्याच्या बाजूला आलं. हा सह्याजीराव?

आणि गव्हर्नर मॉरिस (गव्हर्नर हे त्याचं नाव आहे, हुद्दा नाही). अमेरिकेच्या घटनेच्या १७८७ च्या ऑगस्टमधल्या मसुद्याची सुरुवात "आम्ही न्यू हॅम्पशायर, मॅसॅच्युसेट्स..." अशी एकेका राज्याचं नाव घेत व्हायची. सप्टेंबरमध्ये शेवटचा हात फिरवायला मसुदा पाच जणांच्या समितीकडे गेला आणि प्रत्यक्ष लेखणी चालवली मॉरिसने. चार दिवसांत २३ कलमांची ७ झाली आणि वर "आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक" हे शब्द आले. भाषेला शेवटचा आकार मॉरिसने दिला हे त्याच समितीतल्या जेम्स मॅडिसनने १८३१ मध्ये स्वतः लिहून ठेवलंय. त्या समितीत हॅमिल्टनही होता, पण श्रेय मॅडिसनने त्याला दिलेलं नाही, एवढं बघा.

मावळतीर:
तो 'एकाने' म्हणजे मी. नाव घेऊन बोला की.

राज्यांची नावं गाळली ती काही थोर विचार करून नाही. ९ राज्यांनी मंजुरी दिली की घटना लागू होणार होती, आणि ती ९ कुठली हे कुणालाच माहीत नव्हतं. ऱ्होड आयलंडने तर प्रतिनिधीच पाठवला नव्हता. मग नावं लिहिणार तरी कशी? अडचण होती, ती काढून टाकली. आणि तुमचा मॉरिस सामान्य माणसाच्या बाजूचा होता का? मत फक्त जमीनवाल्यांना द्या म्हणणारा आणि सिनेट तहहयात ठेवा म्हणणारा माणूस तो. ब्रिटनशी झालेल्या १८१२ च्या युद्धात तर न्यूयॉर्क आणि न्यू इंग्लंडने फुटून निघावं इथपर्यंत गेला. "आम्ही लोक" लिहिणाराच तोडायला निघाला, हे का नाही लिहिलंत?

जाहीरनाम्यावर ५६ सह्या आहेत. पोरांना ५६ नावं पाठ करायला लावणार का?

एडिसनवाली:
५६ नाही, ५७ वं नावही आहे आणि ते कुणीच घेत नाही. मेरी कॅथरीन गोडार्ड. ४ जुलैच्या रात्री छापलेल्या प्रतीवर फक्त जॉन हॅनकॉक आणि सेक्रेटरी चार्ल्स थॉमसन एवढीच नावं होती. सह्या करणाऱ्यांच्या नावांसकट जाहीरनामा पहिल्यांदा छापला तो जानेवारी १७७७ मध्ये बाल्टिमोरला, या बाईने, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव टाकलं. एरवी ती एम. के. गोडार्ड असं छापायची. सगळे पुरुष राजद्रोही ठरणार त्या कागदावर तिने आपलं नाव लपवलं नाही.

पुढे ऐका. १७७५ पासून ती बाल्टिमोरची पोस्टमास्तर. युद्धाची सगळी वर्षं टपाल सांभाळलं. देश स्थिर झाला आणि १७८९ मध्ये तिला काढून पुरुष बसवला. कारण काय दिलं, तर आता या कामात फिरती फार, बाईला झेपायची नाही. शहरातल्या २०० हून जास्त लोकांनी तिच्यासाठी अर्ज केला, तिने खुद्द वॉशिंग्टनला पत्र लिहिलं, त्याने हात घातला नाही.

माझ्या पुण्याच्या जुन्या ऑफिसात मला अगदी हेच ऐकवलं होतं. प्रमोशनची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, मॅडम, फिरती आहे, तुम्हाला घर आहे. ज्याला मीच काम शिकवलं त्याला ती खुर्ची मिळाली. त्यामुळे चार थोर पुरुष की चाळीस थोर पुरुष, या वादात मला रस नाही.

शेवाळ:
ताई, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य, पण धागा कुठे चाललाय? अमेरिकेचे संस्थापक विषय होता. आणि फिरतीचं म्हणाल तर माझ्या बायकोने स्वतःहून नको सांगितलं, तिच्यावर कुणी लादलं नाही.

एडिसनवाली:
तुमच्या बायकोला विचारलं तरी! मला आणि गोडार्डला कुणी विचारलंच नाही, फरक तिथेच आहे. आणि विषय सोडून मी कुठेही गेलेली नाही. कोण संस्थापक आणि कोण नुसता छापखानावाला हे ठरवताना जे होतं तेच मी सांगतेय.

पानगळ:
माझ्या बहिणीचंही हेच झालं, जिल्हा परिषदेच्या शाळेत नाही, खाजगी संस्थेत. तिने भांडून मिळवलं, पण त्यात तब्येत गेली. सगळीकडे तेच.

शेवाळ:
म्हणजे आता प्रत्येकाने घरची गाऱ्हाणी मांडायची का? इतिहासावर बोला.

एडिसनवाली:
ज्याच्या घरात गाऱ्हाणं नाही त्याला इतिहास सोपा वाटतो. मला यापुढे उत्तर देऊ नका.

रानवाट:
इतिहासावरच बोलतो. खडूफळा सरांची यादी मोठी झाली तरी माणसं त्याच घरातली. व्हर्जिनियाचं हक्कपत्र लिहिणारा जॉर्ज मेसन, घटना लिहिणाऱ्या १७८७ च्या सभेत म्हणाला की गुलामांचा प्रत्येक मालक जन्मतःच छोटा जुलमी असतो, आणि घरी गेल्यावर स्वतःचे गुलाम सोडले नाहीत. राज्यांचे प्रतिनिधी किती हे ठरवताना गुलामांचे तीन-पंचमांश धरायचे हा प्रस्ताव मांडला पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स विल्सनने. हे का पुढे आणायचे?

मला विचाराल तर देश उभारणाऱ्यांत एलिझाबेथ फ्रीमन आहे. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत लिहिलं होतं की सगळी माणसं जन्मतः मोकळी आणि समान. लिहिता-वाचता न येणारी ही गुलाम बाई वकिलाकडे गेली आणि १७८१ मध्ये त्याच कलमावर कोर्टात जिंकून मोकळी झाली. मोठमोठ्यांनी लिहून ठेवलं, ते खरं करून दाखवलं तिने.

आणि रिचर्ड अ‍ॅलन. गुलाम म्हणून जन्मला, स्वतःची किंमत भरून सुटला. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाने सुमारे ५००० माणसं गेली. जाहीरनाम्यावर सही असलेला डॉक्टर बेंजामिन रश याची समजूत अशी की काळ्या लोकांना हा ताप होत नाही, म्हणून त्याने त्यांनाच मदतीला बोलावलं. अ‍ॅलन आणि अ‍ॅब्सलम जोन्सने माणसं जमवली, रुग्णांची सेवा केली, प्रेतं पुरली, त्यांच्यातलेही मेले, अ‍ॅलन स्वतः आजारी पडला. साथ सरल्यावर छापून काय आलं, तर या लोकांनी लूटमार केली म्हणून! दोघांनी १७९४ मध्ये जमाखर्चासकट उत्तर छापलं. स्वतःचं घर वाचवायला पळालेल्यांना जाब द्यावा लागला नाही, हे वाचलं की अजून संताप होतो.

खडूफळा:
अ‍ॅलनला घ्या, फ्रीमनला घ्या, मी कुठे नको म्हणतोय? पण मॉरिसला त्या घरात ढकलू नका. ८ ऑगस्ट १७८७ ला भर सभेत उभं राहून त्यानेच विचारलं की गुलामांना कशाच्या आधारावर मोजता, माणसं असतील तर नागरिक करा आणि मत द्या, मालमत्ता असेल तर दुसरी कुठलीच मालमत्ता का मोजत नाही? दक्षिणेचे लोक समोर बसलेले असताना हे बोलायला छाती लागते.

मावळतीर:
बोलला आणि हरला. मग त्याच घटनेवर सही केली.

बांधावरून:
एक विचारू? आपल्याला काय करायचंय हे सगळं? आपले हरिपंत फडके किती जणांना माहीत आहेत? यॉर्कटाउनला १७८१ मध्ये अमेरिकनांपुढे शरण गेलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस पुढे इथे गव्हर्नर जनरल झाला आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूसमोर उभा राहिला तेव्हा शेजारी मराठी फौज घेऊन हरिपंत होते. त्यावर एक धागा काढा की कुणीतरी.

रानवाट:
काढा, मी येतो. पण आपल्याला काय म्हणू नका. जोतीरावांनी अमेरिकन क्रांतीचा लेखक टॉमस पेन वाचला होता, आणि १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलंय. त्यांना बरोबर कळलं होतं की तिथे कुणाचे आभार मानायचे.

मावळतीर:
ठीक आहे. रॉडनी दिला, गोडार्डबाई दिल्या, अ‍ॅलनही दिला. मॉरिसवर माझं मत तेच. आणि विल्सन तर अजिबात नाही. सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश असताना कर्जापायी तुरुंगात गेला, १७९८ मध्ये सावकारांना चुकवत नॉर्थ कॅरोलिनात मेला. त्याला कुठे बसवणार?

खडूफळा:
जाहीरनामा आणि घटना दोन्हीवर सही असलेले मोजके लोक, त्यांत तो बसतो. आणि राष्ट्राध्यक्ष थेट लोकांनी निवडावा असं १७८७ च्या सभेत म्हणणारा तोच होता, तुमच्या हॅमिल्टनला तहहयात अध्यक्ष हवा होता. तीन-पंचमांशाचा डाग विल्सनवर आहेच, तो मी पुसत नाही. पण कर्जबुडवा म्हणून खोडायचा असेल तर जेफरसनचं कर्ज किती होतं ते आधी बघा, मग बोलू.