मॅग्नेशियम डायबोराइडच्या बँड स्ट्रक्चरमधली सपाट रेघ

पाषाणचा_विद्यार्थी
नमस्कार, पुण्यातच एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे, मॅग्नेशियम डायबोराइड या सुपरकंडक्टरचं बँड स्ट्रक्चर (कोणत्या दिशेला इलेक्ट्रॉनची एनर्जी कशी बदलते त्याचा आलेख) काढलंय क्वांटम एस्प्रेसो सॉफ्टवेअरवर. सर म्हणाले लेयर्ड मटेरियल आहे तर बँड टू-डी दिसतील (उभ्या दिशेत सपाट), पण गॅमा ते ए ला (थरांना काटकोनात, उभी दिशा) एक रेघ सपाट, फर्मी लेव्हलच्या (जिथपर्यंत इलेक्ट्रॉन भरतात ती पातळी) वर, आणि के ते एच ला (तीही उभीच) मात्र बँड फर्मी लेव्हल कापून सरळ खाली जातोय. इनपुटमध्ये गडबड आहे का? आणि ३९ केल्विन टीसी (ज्याच्या खाली सुपरकंडक्टिव्हिटी येते ते तापमान) यात दिसतो कुठे? शुक्रवारी प्रेझेंटेशन आहे, प्लीज कोणीतरी सांगा

गणेशखिंड_फिजिक्स
अरे गडबड काही नाही, बरोबर आलंय! सपाट रेघ बोरॉनच्या सिग्मा बँडची (थरातल्या बोरॉन-बोरॉन बाँडचे इलेक्ट्रॉन), ते इलेक्ट्रॉन थरातच राहतात म्हणून उभ्या दिशेत एनर्जी फारशी बदलत नाही. के-एच वाला पाय बँड, तो थरांच्या आरपार जातो, थ्री-डी. फॅट बँड काढ (कोणत्या ऑर्बिटलचा किती वाटा ते रेघेच्या जाडीत दिसतं), पीएक्स-पीवाय (सिग्मा) आणि पीझेड (पाय) वेगवेगळ्या रंगात, सरांना लगेच पटेल. आणि ती एक रेघ म्हणजे खरं तर दोन बँड एकावर एक आहेत, गॅमापासून एम किंवा के कडे (थरातल्या दिशेने) गेलास की फुटतात बघ.

चुंबक_आणि_चहा
वरच्यांचं बरोबर, पण टीसी नुसत्या बँडमध्ये शोधू नकोस, तिथे फक्त कारण दिसतं. ग्राफाइटमध्ये हेच सिग्मा बँड पूर्ण भरलेले, फर्मी लेव्हलच्या बरेच खाली. इथे मॅग्नेशियममुळे पाय बँड खाली ओढले जातात, थोडे इलेक्ट्रॉन तिकडे जातात आणि सिग्मात होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) राहतात, म्हणजे पक्क्या कोव्हॅलंट बाँडचे इलेक्ट्रॉन वहनात उतरतात, मला तर या मटेरियलमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते. आता एक करून बघच: इटूजी फोननप्रमाणे (अणूंचं एक ठरावीक कंपन) दोन बोरॉन थरातल्या थरात एकमेकांविरुद्ध जरासे सरकव आणि बँड परत काढ. ती रेघ चांगलीच फाटते. अणू हलले की बँड इतका हलतो हेच इलेक्ट्रॉन-फोनन कपलिंग, आणि टीसीचं कारण तेच. तीन अणूंचा सेल आहे, लॅपटॉपवर होईल, परम ब्रह्म सुपरकॉम्प्युटरच्या रांगेत थांबायला नको, फक्त के-पॉइंट (गणित ज्या बिंदूंवर होतं ते) भरपूर घे.

पाषाणचा_विद्यार्थी
खूप आभार दोघांचे!! मग मॅग्नेशियमच्या जागी ॲल्युमिनियम टाकलं तर?

गणेशखिंड_फिजिक्स
एक इलेक्ट्रॉन जास्त येतो, सिग्मा बँड भरून फर्मी लेव्हलच्या खाली जातात, सुपरकंडक्टिव्हिटी जाते. रचना तीच असून! दोन्ही प्लॉट शेजारी शेजारी लाव. दोन सुपरकंडक्टिंग गॅपही (इलेक्ट्रॉनच्या जोड्या तोडायला लागणारी एनर्जी) विचारतील, सिग्मावर साधारण ७ मिलीईव्ही, पायवर २ च्या आसपास.