शनिवारच्या ‘भूत वॉक’बद्दल: नाशिकच्या सोसायटीचा ग्रुप

शिंदेवहिनी, बी-३०४: नमस्कार. शनिवारच्या ‘भूत वॉक’चं पत्रक कोणी काढलंय? पितृपक्ष चालू आहे. शेवटचा थांबा अस्थिविलय कुंड, रात्री साडेदहा! सासूबाईंच्या अस्थी आम्ही माघात तिथेच सोडल्या. तिथे उभं राहून पोरांना घाबरवायचं?

सचिव: वहिनी, सांस्कृतिक समितीत ठरलंय. माणशी ३०० रुपये, गाईड बाहेरचा. सरकारवाडा, सराफ बाजार, विजयानंद थिएटर, नारोशंकर मंदिर, मग रामकुंड. कोणाचं मन दुखवायचा हेतू नव्हता 🙏

पवारकाका, ए-१०१: गंगापूर धरणातून विसर्ग चालू आहे. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलंय. ते बघून काय ते ठरवा.

मिहीर, ए-६०२: काकू, जगभर होतात असे वॉक. माझी ताई इंग्लंडला आहे, ती यॉर्कला गेली होती. तेही नदीकाठचं जुनं गाव. तिथे एका जुन्या घराच्या तळघरात १९५३ साली पाइपचं काम करणाऱ्या पोराला रोमन सैनिक दिसले म्हणतात, गुडघ्यापासून वरचेच. कारण जुना रोमन रस्ता तेवढाच खाली गाडला गेलाय. भारी ना?

शिंदेवहिनी, बी-३०४: यॉर्कच्या नदीवर तुझ्या आजीचं पिंडदान झालं का रे बाळा?

कदम, ए-४०३: भूतच बघायचं तर सी विंगच्या लिफ्टमध्ये या. कोणी बटण दाबो न दाबो, चौथ्या मजल्यावर थांबतेच. ३०० रुपये वाचतील 😀

नलावडे, सी-४०१: कदमसाहेब, लिफ्टच्या मेंटेनन्सची फाईल कोणाकडे अडकलीय ते इथे लिहू का? आम्ही गप्प बसतो म्हणून काहीही बोलायचं?

सचिव: कृपया विषयावर बोला.

गायकवाड, बी-१०२: विषयावरच बोलतो. हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. सोसायटी अडचणीत येईल.

ॲड. सोनवणे, ए-२०२: नाही बसत. भुताची गोष्ट सांगणं गुन्हा नाही. भुताची भीती घालून माणसाला फसवणं, लुबाडणं, छळणं हा गुन्हा. कायदा नीट वाचा, मग पाठवा.

गायकवाड, बी-१०२: तुम्ही नेहमी असंच तोडून बोलता, वकीलबाई.

पवारकाका, ए-१०१: गंगापूर धरणातून विसर्ग चालू आहे. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. ते बघून काय ते ठरवा.

भालेराव सर, बी-५०१: मी आत्ता पत्रक वाचलं. चौथ्या ओळीत लिहिलंय, ‘विजयानंदात आजही जॅक्सनसाहेबाचा आत्मा भटकतो’. हे कोणी सांगितलं? मी बत्तीच्या दिव्यात अभ्यास केलेली माणसं पाहिलीत त्या गल्ल्यांत, कोणाच्या तोंडून हे ऐकलं नाही. २१ डिसेंबर १९०९ ला तिथे ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन बघायला आला आणि अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. कान्हेरे अठरा वर्षांचा पोरगा! १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे, देशपांडे, तिघांना फाशी झाली. आपली पोरं कान्हेरेच्या नावाच्या मैदानावर क्रिकेट खेळतात. त्यांना तो कोण होता हे सांगायचं सोडून अंधारात साहेबाचं भूत दाखवणार? तेच डोक्यात राहील जन्मभर. मला हे सहन होत नाही.

मिहीर, ए-६०२: सर, हे सगळं मला माहीतच नव्हतं.

भालेराव सर, बी-५०१: म्हणून तर म्हणतो. नारोशंकराच्या घंटेपाशी तरी काय सांगणार आहेत? ती वसईची, पोर्तुगीजांकडून आलेली. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची खूण. पोरांना तिच्या खाली उभं करून वर बघायला लावा. कपालेश्वरापुढे नंदी का नाही तेही विचारा त्यांना. एवढं असताना भूत कशाला आयात करायचं?

शिंदेवहिनी, बी-३०४: आणि सरदार चौकातूनही नेणार ना? २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत माणसं गेली तिथे. त्यांचीही भुतं दाखवणार?

कदम, ए-४०३: वहिनी, एवढं ताणू नका. पोरांची मजा होती फक्त.

शिंदेवहिनी, बी-३०४: तुमच्या घरचं कोणी गेलं की कळेल.

(कदम यांनी संदेश हटवला)

देशमुखताई, सी-२०२: अहो, शांत व्हा सगळे. माझी मुलगी रडायला लागली, वॉक कॅन्सल होणार म्हणून. सरच का घेत नाहीत सगळ्यांना? उजेडी निघू. रामकुंड नको, रात्र नको.

भालेराव सर, बी-५०१: मी येतो. गुडघे दुखतात, हळू चालेन. पण भूत हा शब्द पत्रकात नको.

मिहीर, ए-६०२: सर, मी तुमच्या बरोबर राहतो.

पवारकाका, ए-१०१: गंगापूर धरणातून विसर्ग चालू आहे. वाढला तर सराफ बाजारातही पाणी शिरतं, २०१९ ला शिरलं होतं. ते बघून काय ते ठरवा.

सचिव: काका, वाचलं. नवीन नियोजन: शनिवार दुपारी ४, सरकारवाडा ते नारोशंकर, भालेराव सर बोलतील. विसर्ग वाढला तर नारोशंकर रद्द, विजयानंदपाशी थांबू. पत्रक उद्या बदलतो. वहिनी, चालेल ना?

शिंदेवहिनी, बी-३०४: पितृपक्ष संपल्यावर ठेवता आलं असतं. पण सर सांगणार असतील तर माझ्या दोघांची नावं लिहा.

नलावडे, सी-४०१: गाईडला ॲडव्हान्स दिलाय तो सोसायटीच्या खात्यातून की समितीच्या? आणि लिफ्टवाल्याला कधी बोलावताय?