कूर्चा ‘भरून येते’ की ‘बुजते’?

विचारणा
सांध्यांच्या उपचारांची एक माहितीपुस्तिका मराठीत आणतेय आणि पहिल्याच पानावर अडलेय. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत पांढऱ्या थराला म्हणायचं काय? कास्थी, उपास्थी, कूर्चा असे तीन शब्द सापडतात. बोलताना मात्र सगळे ‘गादी’ म्हणतात. दुसरं असं, की मूळ मजकुरात ‘दुरुस्ती’ आणि ‘पुनर्निर्मिती’ या अर्थांचे दोन वेगळे शब्द आहेत. मी दोन्हीकडे ‘दुरुस्ती’ लिहून मोकळी झाले. चालेल का?

प्रतिसाद
‘गादी’ नकोच. मणक्यातली सरकते तीही गादी, गुडघ्यातली चंद्रकोरीसारखी चकती तीही गादी, आणि हा थरसुद्धा गादीच! ‘गादी गेली’ म्हणणारा नेमकं काय गेलं म्हणतोय, ते एमआरआय बघितल्याशिवाय कळत नाही. शिवाय गादी म्हटलं की काढून नवी घालता येईल असं वाटतं. हा थर हाडाला पक्का धरलेला असतो आणि गुडघ्यातसुद्धा काही मिलिमीटरच जाड असतो.

प्रतिसाद
जरा अवांतर. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. नाक-कानातली ती ‘तरुण’. ‘कूर्च’ हा शब्दही तिथे आहे, पण हातापायांतल्या वेगळ्याच रचनेसाठी. कूर्च म्हणजे झुपका. आपला कुंचा त्यातलाच. गुळगुळीत थराला झुपक्याचं नाव चिकटलं, पण रुळलंय, तेव्हा कूर्चाच ठेवा. ‘तरुणास्थी’चा मोह मलाही होतो. पण झिजल्यावर पुन्हा तरुण न होणाऱ्या गोष्टीला ते नाव म्हणजे थट्टाच.

प्रतिसाद
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. दोन्हीकडे ‘दुरुस्ती’ लिहिलंत तर पुस्तिकेचा जीवच जाईल.

कातडी कापली की रक्त येतं, गुठळी धरते, तिच्यात पेशी शिरतात, जखम भरून येते. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटरने १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की सुधारत नाही. म्हणून मायक्रोफ्रॅक्चर नावाच्या शस्त्रक्रियेत मुद्दाम रक्त आणतात: खालच्या हाडाला बारीक भोकं पाडायची, मज्जेतलं रक्त आणि पेशी वर येऊ द्यायच्या, गुठळी धरू द्यायची. खड्डा भरतो, पण प्रामुख्याने तंतुकूर्चेने, म्हणजे तंतूंनी भरलेल्या वेगळ्या जातीच्या कूर्चेने. मूळची ती काचाभ, म्हणजे काचेसारखी गुळगुळीत कूर्चा, तिच्यात मुख्यतः टाइप २ कोलॅजन (कोलॅजन म्हणजे ऊतींना बळकटी देणारं प्रथिन). या भरावात टाइप १ बरंच, म्हणजे व्रणाच्या जातीचं. याला मी ‘बुजवणे’ म्हणेन. डांबरी रस्त्यातला खड्डा मुरमाने बुजवला तर गाडी जाते. किती दिवस, हा पुढचा प्रश्न.

पेशीरोपणाचं तसं नाही. कमी भार येणाऱ्या जागेवरून कूर्चेचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत काही आठवडे वाढवायच्या आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत खड्ड्यात रुजवायच्या. स्वीडनमधल्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले, तेव्हापासून याचा बोलबाला. इथे मूळ जातीची कूर्चा उगवावी हा हेतू असतो, म्हणून ‘पुनर्निर्मिती’ शोभतं. हेतू म्हणतोय, हाती येणारी कूर्चा बऱ्याचदा मिश्र असते. तेव्हा ‘पुनर्निर्मितीचा प्रयत्न’ लिहा.

प्रतिसाद
आणि ‘प्रत्यारोपण’ टाळा. वाचणारा लगेच दाता शोधायला लागतो. पेशी रुग्णाच्या स्वतःच्याच आहेत, तर ‘स्वपेशीरोपण’.

विचारणा (पुढे)
आभार. आता पुस्तिकेतल्या ‘जैविक उपचारां’मधल्या ‘जैविक’चं सांगा. मसुदा वाचणाऱ्या पहिल्याच बाईंनी विचारलं, “म्हणजे झाडपाल्याचं का?”

प्रतिसाद
जैविक खताचा परिणाम! इथे जैविक म्हणजे धातू-प्लास्टिकचा कृत्रिम सांधा न बसवता जिवंत पेशी-ऊतींकडून काम करून घेणं. पहिल्यांदा हे उलगडून लिहा, मग पुढे खुशाल ‘जैविक’.

विचारणा (पुढे)
वाक्य बदललं. आधी होतं: ‘जैविक उपचारांनी गादीची दुरुस्ती होते.’ आता: ‘काही उपचारांत कूर्चेतला खड्डा बुजतो, काहींत तिथे नवी कूर्चा रुजवण्याचा प्रयत्न होतो.’ पण याच प्रकरणात ‘वंगणाचं इंजेक्शन’ही आहे. ते कुठे बसवू?

प्रतिसाद
दोन्हींत नाही. त्याने हालचाल सुकर व्हावी एवढीच अपेक्षा असते, नवी कूर्चा येत नाही. वेगळं प्रकरण करा.